आभासी संगणकांसाठी जाळ्याचा सेतू

एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालविण्याची ‘केव्हीएम’ ही सोय २००७ साली लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झाली. या सर्व संगणकांना बाहेरच्या जाळ्याशी जोडणारे कार्ड मात्र पुष्कळदा एकच असते. त्यासाठी यजमान यंत्रात ‘ब्रिज’, म्हणजे सेतू, उभारावा लागतो.

हे काम आज्ञा टंकित करून करता येते. ‘आयपी लिंक’ या आज्ञेने प्रथम सेतू निर्माण करून तो कार्यान्वित करावा व कार्ड त्यास जोडावे. नंतर कार्डावरील पत्ता काढून ‘आयपी अ‍ॅड्रेस’ या आज्ञेने तो सेतूला द्यावा. पत्त्याबरोबर बाहेर जाण्याचा मार्गही पुसला जातो. तो ‘आयपी रूट’ने पुन्हा नोंदवावा.

कार्ड सेतूला जोडताच त्यावरील पत्ता निरुपयोगी होतो. दूरवरून काम करणाऱ्याचा संपर्क तेथेच तुटतो आणि यंत्रावर अवलंबून असलेली कामे खोळंबतात. म्हणून हे काम यंत्रासमोर बसूनच करणे इष्ट.

या आज्ञांचा परिणाम यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो. चूक झाल्यास यंत्र पुन्हा सुरू करताच जुनी व्यवस्था परत येते. यास्तव आधी पडताळणी करावी आणि मगच ती रचना संरचना-फाइलीत कायम करावी.