जुन्या जीपचे नाक

आपण नाकाने श्वास घेतो. नाकात केस असतात, ओल असते. धूळ तिथेच अडते. इंजिनालाही असेच नाक असते. त्याला एअर फिल्टर म्हणतात. आपण त्याला हवेची गाळणी म्हणू.

इंजिनाला हवा किती लागते? एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे 9,000 लिटर हवा लागते. म्हणजे 200 लिटरची 45 पिंपे! कच्च्या रस्त्यावर या हवेत धूळ असायचीच. धूळ म्हणजे बारीक वाळू. ती आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासतात. मग गाडी ऑइल खाते, निळा धूर सोडते, चढावर धापा टाकते. शेवटी इंजिन खोलावे लागते.

1947 नंतर मुंबईत विलिस जीपची जोडणी होऊ लागली. तसल्या जुन्या जीप अजूनही कुठे कुठे चालतात. त्यांची गाळणी तेलाची. खाली एक भांडे, त्यात इंजिन ऑइल. हवा वरून वेगाने येते, तेलावर आपटते आणि वळून वर जाते. जड धूळ तेलात पडते. उरलेली तेलकट जाळीला चिकटते. गाळणी चांगली, पण इंजिन सावकाश चालले की हवेचा जोर कमी होतो. मग बारीक धूळ निसटते.

म्हणून काही लोक तिच्या जागी कागदाची गाळणी बसवतात. ती बारीक धूळही अडवते. पण बसवताना चार गोष्टी सांभाळा.

पहिली, गाळणी लहान नको. लहान गाळणीत इंजिन गुदमरते. पेट्रोल जादा जळते, काळा धूर येतो.

दुसरी, गाळणीपासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी तपासा. ती चिरलेली असेल, क्लिप ढिली असेल, तर धूळ तिथूनच शिरते. मग नवी गाळणी असून नसून सारखीच!

तिसरी, इंजिनाकडून गाळणीला येणारी बारीक नळी असेल, तर ती उघडी सोडू नका. तीही नीट जोडून घ्या.

चौथी, कागद पाण्याने किंवा रॉकेलने धुऊ नका. आत दिवा धरून पाहा. कुठे भोक दिसले तर कागद बदला.

तेलाचीच गाळणी ठेवायची असेल, तरी हरकत नाही. तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरले तर इंजिन ते ओढून घेते. तळाशी गाळ साचला की भांडे धुवा, नवे तेल घाला.

कोणी म्हणेल, "गाळणी काढून टाका, गाडी पळेल!" ते ऐकू नका. चार दिवस पळेल, मग कायमची बसेल.

काम झाल्यावर एक परीक्षा घ्या. थोडे दिवस गाडी चालवा. मग इंजिन बंद करून ती रबरी नळी काढा आणि आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडके स्वच्छ निघाले, तर काम फत्ते. धूळ लागली, तर वाट कुठे आहे ती शोधा आणि बुजवा. त्याआधी गाडी काढू नका.