वनविहारासाठी विस्तव पेटविण्याची साधने : निवड व उपयोग

अकोट तालुक्याची उत्तर सीमा सातपुड्याच्या गाविलगड रांगेला जाऊन भिडते. पोपटखेड, शहानूर ही गावे डोंगराच्या पायथ्याशी असून त्यांच्या मागे नरनाळ्याचा किल्ला व मेळघाटचे अरण्य पसरलेले आहे. तालुक्यातील शाळांच्या सहली आणि बालवीर व वीरबाला पथकांची शिबिरे या बाजूस वळणे स्वाभाविक आहे. शिबिराची सामग्री जमविताना तांदूळ, डाळ, तंबू, दोर, औषधपेटी यांची यादी कसोशीने केली जाते. विस्तव पेटविण्याच्या साधनाचा विचार मात्र "एक काडेपेटी घ्यावी" एवढ्यावरच संपतो. ती काडेपेटी पावसात भिजली अथवा ओढ्यात पडली, तर पन्नास मुलांचा स्वयंपाक अडतो. रानात वाट चुकलेल्या लहानशा तुकडीवर तर थंडीत कुडकुडत रात्र काढण्याचा प्रसंग येतो. यास्तव निरनिराळ्या साधनांचे गुणदोष शिक्षकांनी आधीच पारखून ठेवणे अगत्याचे आहे.

विस्तवास काय लागते?

जळण, हवा आणि उष्णता या तिहींचा संयोग झाल्याशिवाय अग्नी प्रकट होत नाही. यांपैकी एक काढून घेतले की तो विझतो. पेटविण्याचे साधन केवळ तिसरी गोष्ट, म्हणजे उष्णता, पुरविते. आणि तीही क्षणभरच. काडेपेटीची काडी अर्ध्या मिनिटाच्या आत जळून जाते. तेवढ्या अवधीत मनगटाएवढे लाकूड पेटत नाही. म्हणून जळणाच्या तीन पायऱ्या कराव्या लागतात. पहिली पायरी म्हणजे ठिणगीसरशी पेट घेणारा मऊ, कोरडा पदार्थ. दुसरी बोटाहून बारीक काटक्या. तिसरी जाड लाकडे.

वऱ्हाडात पहिल्या दोन पायऱ्यांची उणीव कधीच भासत नाही. अकोट ही कापसाची पेठ आहे, आणि पिंजलेला कोरडा कापूस हा ठिणगी झेलणारा अत्युत्तम पदार्थ होय. त्यास थोडे व्हॅसलीन चोळल्यास तो भुरकन जळून न जाता काही मिनिटे संथपणे जळत राहतो. दुसऱ्या पायरीसाठी तुराट्या व पऱ्हाट्या आहेतच. पावसाळी हवेत या वस्तू रानात कोरड्या मिळतील असा भरवसा धरू नये; घरूनच एका घट्ट झाकणाच्या डब्यात भरून न्याव्यात.

काडेपेटी

घासून पेटणारी काडी इंग्लंडमधील जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने १८२७ साली विक्रीस आणली. पुढे निघालेल्या काड्यांत पांढरा फॉस्फरस वापरीत. त्याच्या वाफेने कारखान्यांतील कामगारांची जबड्याची हाडे सडत. १९०६ साली बर्न येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने अशा काड्यांवर बंदी आली व हिंदुस्थानात त्याविषयीचा कायदा १९१३ साली झाला. आज वापरात असलेली काडी 'सुरक्षित' म्हणविते, कारण तिच्या गुलातील पोटॅशियम क्लोरेट व गंधक, आणि पेटीच्या बाजूस लावलेला तांबडा फॉस्फरस, ही एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतात. दोहोंचे घर्षण होताच ज्वाला निघते. १९२२ साली शिवकाशीचे षण्मुग नाडर व अय्या नाडर हे कलकत्त्यास जाऊन हा धंदा शिकून आले, आणि पुढे शिवकाशी हे काडेपेट्यांचे मोठे केंद्र झाले. आपल्या महाराष्ट्रातही अंबरनाथ येथे विमको कंपनीचा कारखाना त्याच दशकात उभा राहिला.

काडेपेटीचा मोठा गुण हा की, ती थेट ज्वाला देते, स्वस्त मिळते आणि मुलांच्या हातास तिची सवय असते. तिचा दोषही तितकाच स्पष्ट आहे. गुलातील पोटॅशियम क्लोरेट पाण्यात विरघळते व त्यास धरून ठेवणारा सरस मऊ पडतो. भिजलेली काडी वाळविली तरी ती पूर्वीसारखी पेटेलच असे नाही. शिवाय काड्या कोरड्या राहून केवळ पेटीची बाजू ओली झाली तरी सारे व्यर्थ. कारण सुरक्षित काडी दगडावर किंवा बुटावर घासून पेटत नाही.

यावर उपाय सोपा आहे. काड्या आणि पेटीच्या बाजूचा कापलेला तुकडा ही दोन्ही घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत ठेवावीत. काही काड्यांचे गूल वितळलेल्या मेणात बुडवून घेतल्यास त्यांस ओल लागत नाही. घासण्यापूर्वी गुलावरील मेण नखाने खरवडावे. सोबत मेणबत्तीचा तुकडा अवश्य असावा. काडीने काटक्या पेटविण्यापेक्षा काडीने मेणबत्ती आणि मेणबत्तीने काटक्या पेटविणे शहाणपणाचे ठरते; कारण मेणबत्तीची ज्योत पाव तास टिकते व ओलसर काटक्यांसही सुकवून पेटविते.

गॅसचा लायटर

पानाच्या ठेल्यावर मिळणाऱ्या लायटरमध्ये ब्यूटेन वायू दाबाखाली द्रवरूपाने भरलेला असतो. एका लायटरने शेकडो वेळा ज्वाला मिळते, आणि तो पाण्यात पडला तरी झटकून, फुंकून चाक कोरडे केल्यावर पुन्हा चालतो. या दृष्टीने तो काडेपेटीहून सरस आहे. परंतु त्याची कळ सामानात दाबली गेली तर वायू नकळत निघून जातो. कडाक्याच्या थंडीत वायूचा दाब घटून ज्वाला दुर्बल होते. अशा वेळी लायटर मुठीत धरून ऊब द्यावी. याउलट वैशाखातील वऱ्हाडी उन्हात तो मोटारीत किंवा तापलेल्या दगडावर ठेवणे धोक्याचे आहे. वायू संपल्यावरही त्याच्या चाकातून ठिणग्या पडत राहतात व त्या व्हॅसलीन न लावलेल्या पिंजल्या कापसावर झेलता येतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्वयंपाकघरातील गॅसची शेगडी पेटविण्याचा लायटर मात्र निराळा. त्यातून केवळ विजेची ठिणगी निघते. काटक्यांसाठी त्याचा उपयोग नाही.

चकमक आणि तिची आधुनिक बहीण

काडेपेटी येण्यापूर्वी आपल्याकडे चकमकीचा वापर होता. गारेसारखा कठीण दगड, पोलादाचा तुकडा आणि ठिणगी धरणारा कापूस, एवढीच तिची सामग्री. सातपुड्याच्या या रांगेत व दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत स्फटिक, अकीक अशा जातीचे दगड आढळतात; पोलादापेक्षा ते अधिक कठीण असतात. पुष्कळांची समजूत अशी असते की, ठिणगी दगडातून निघते. वस्तुतः दगडाच्या धारेने पोलादाचा सूक्ष्म कण खरवडला जातो, घर्षणाने तो तापतो व हवेत जळू लागतो. जळते ते पोलाद, दगड नव्हे. विज्ञानाच्या तासास हा दाखला फार उपयोगी पडेल. चकमकीची ठिणगी मंद असल्याने साधा कापूस ती सहजी धरीत नाही. तो आधी बंद डब्यात करपवून काळा करावा लागतो.

१९०३ साली ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर यांनी लोखंड व सेरियम इत्यादी धातूंचा एक मिश्रधातू शोधून काढला. लायटरच्या चाकाखाली जो 'दगड' असतो तो याच धातूचा. याचीच बोटाएवढी कांडी गिर्यारोहक जवळ बाळगतात. सुरीच्या पाठीने ती जोराने खरवडली असता अतिशय तप्त ठिणग्यांचा वर्षाव होतो. ती पाण्यात भिजली तरी पुसून लगेच वापरता येते, उन्हाने बिघडत नाही, आणि एका कांडीने हजारो वेळा ठिणग्या पाडता येतात. तिचा दोष एवढाच की, ती ज्वाला देत नाही, ठिणगी देते. कोरडा कापूस जवळ नसेल आणि हातास सराव नसेल, तर अंधारात व पावसात ती निरुपयोगी ठरते. जे साधन घरी दहा वेळा वापरून पाहिलेले नाही, त्यावर रानात विसंबू नये.

भिंग आणि अरणी

बहिर्वक्र भिंगाने सूर्यकिरण एका बिंदूवर आणून करपवलेला कापूस पेटविणे हा वर्गात दाखविण्याजोगा सुंदर प्रयोग आहे. परंतु विस्तवाची खरी गरज रात्री आणि पावसात पडते, आणि त्याच वेळी सूर्य नसतो. यज्ञकर्मात अरणीमंथनाने अग्नी सिद्ध करण्याची परंपरा प्राचीन आहे. लाकडावर लाकूड घासून विस्तव काढणे शक्य आहे, हे त्यावरून कळते. तथापि त्यास योग्य लाकूड, बळ आणि दीर्घ अभ्यास हवा. ही दोन्ही साधने शिक्षणासाठी घ्यावीत, भरवशासाठी घेऊ नयेत.

निवड कशी करावी?

साधन पारखताना पाच प्रश्न विचारावेत. ते भिजल्यावर चालते काय? गारठलेल्या, थकलेल्या हातांना ते जमते काय? त्यापासून ज्वाला मिळते की केवळ ठिणगी? किती वेळा चालेल? आणि मुलांच्या हाती देण्याइतके ते निर्धोक आहे काय? या पाचही प्रश्नांची अनुकूल उत्तरे देणारे एकच साधन नाही. म्हणून एकावर विसंबण्याऐवजी तीन साधने न्यावीत, आणि ती तीन निरनिराळ्या पिशव्यांत ठेवावीत. बाटलीबंद काड्या स्वयंपाकाच्या सामानात, लायटर पथकप्रमुख शिक्षकाच्या खिशात, आणि ठिणगीची कांडी कापसाच्या डबीसह औषधपेटीत असावी. म्हणजे एक पिशवी हरवली किंवा भिजली तरी पथक निराधार होत नाही.

तयारीची कसोटी शाळेच्या पटांगणातच घ्यावी. बेडन-पॉवेल यांनी १९०८ साली बालवीरांसाठी जे पुस्तक लिहिले, त्यात दोनपेक्षा अधिक काड्या न वापरता विस्तव पेटविण्याची कसोटी होती. तीच शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांकडून करून घ्यावी. पहिल्या दिवशी बहुतेक मुले काडी आधी पेटवितील आणि काटक्या मागाहून शोधतील. जळणाच्या तिन्ही पायऱ्या रचून झाल्यावरच काडी काढावयाची, ही शिस्त याच कसोटीतून अंगी बाणते.

पेटविण्याआधी आणि विझविताना

मेळघाट हा १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक आहे. राखीव वनात परवानगीवाचून विस्तव पेटविणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा ठरते, आणि अभयारण्यास धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटविण्यास अथवा तो जळता सोडून जाण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. यामागील कारण डोळ्यांना दिसण्यासारखे आहे. माघ-फाल्गुनापासून सागाची पाने गळून त्यांचा जाड थर जमिनीवर साचतो व गवत वाळून कोळ होते. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वणव्याचा मानला जातो. या दिवसांत वाऱ्याने उडालेली एक ठिणगी डोंगराचा उतारच्या उतार जाळू शकते. त्यात रोपे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरपटणारे प्राणी आणि पायथ्याच्या गावांची कुरणे नष्ट होतात. म्हणून शिबिराचा स्वयंपाक वनखात्याने नेमून दिलेल्या जागी किंवा गावातील शाळेच्या आवारातच करावा. वरील साधने जवळ असणे म्हणजे ती कोठेही वापरण्याची मुभा नव्हे.

चुलीभोवती पाच-सहा हातांची जागा झाडून मातीपर्यंत मोकळी करावी आणि पाण्याची बादली आधी भरून ठेवावी. विस्तवावर रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नये. चुलीजवळ काम करणाऱ्या मुलांच्या अंगात नायलॉनचे झुळझुळीत कपडे नसावेत. सुती कपडे असावेत. कोणास भाजल्यास भाग सुमारे वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. त्यावर तूप, शाई किंवा दातांची पेस्ट लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखान्यात न्यावे.

विस्तव विझविताना वरून माती लोटून निघून जाणे पुरेसे नाही. मातीखाली निखारे तासन् तास धुमसत राहतात. पाणी ओतावे, काठीने राख ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे, आणि शेवटी हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन पाहावी. ऊब लागली तर पथकाने जागा सोडू नये. राख थंड झाल्याची खात्री शिक्षकाने स्वतः करावी आणि मगच मुलांना रांगेत उभे करावे.