एक घराणं, चौतीस मनोरे

गच्चीवरची टाकी गच्चीवरच का? पाणी उंचावर असलं की खालच्या नळाला आपोआप जोर येतो. आता हीच गरज अख्ख्या शहराची आहे असं समजा, आणि देश असा की जिथे एकही नदी वाहत नाही. कुवेत! पूर्वी तिथे गोडं पाणी शत्त-अल-अरबहून गलबतांतून यायचं. १९५०च्या दशकात समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने आले. पण ते साठवायचं कुठे?

स्वीडनचे वास्तुकार सूने लिंडस्ट्रोम यांनी पाच ठिकाणी मिळून ३१ मनोरे उभारले, सगळे निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळंब्या. प्रत्येकीच्या डोक्यावर ३,००० घनमीटर, म्हणजे तीस लाख लिटर! एकीची टाकी धुवायला काढली तरी बाकीच्या आहेतच.

गंमत म्हणजे या वाळवंटी अळंब्यांची थोरली बहीण बर्फाच्या देशातली आहे. लिंडस्ट्रोम यांनी ती १९५८ साली स्वीडनच्या ओरेब्रो शहरात बांधली. तिथे पाणी गोठण्याची धास्ती, इथे तापण्याची. मग जुन्या आराखड्याच्या अटींतली कोणती जशीच्या तशी घ्यायची, कोणती खोडायची? अभियंत्यांची खरी डोकेफोड इथेच! एकट्या मनोऱ्याची अट चुकून सगळ्यांची मानलीत, तर तीच चूक ३१ वेळा काँक्रीटमध्ये ओतली जाणार.

सहाव्या जागेसाठी मात्र राज्यकर्त्यांना काहीतरी दिमाखदार हवं होतं. डेन्मार्कच्या मालेने ब्योर्न यांनी अळंबी सोडली आणि गोल घेतले. इथल्या तीन मनोऱ्यांतला थोरला १८७ मीटर उंच. त्याच्या खालच्या गोलात तळाशी ४,५०० घनमीटर पाणी, आणि त्याच गोलाच्या वरच्या अर्ध्यात चक्क उपाहारगृह! पिण्याच्या पाण्याच्या डोक्यावर स्वयंपाकघर: दोन अटी एकमेकींच्या उरावर बसलेल्या, तरी दोन्ही पाळल्या. वरचा छोटा गोल अर्ध्या तासात एक फेरी मारून शहर दाखवतो. आणि उपाहारगृह ही कुवेतची नवी हौस वाटत असेल, तर ओरेब्रोच्या त्या थोरलीच्या माथ्यावरही एक आहेच. घराण्यातला गुण मधल्या ३१ जणींना चुकवून पुन्हा उगवला!

दुसऱ्या मनोऱ्यातही ४,५०० घनमीटर पाणी. करा बेरीज: १,०२,००० घनमीटर. १९८० साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला तो या जलमनोऱ्यांच्या प्रकल्पाला.

आणि तिसरा? त्याच्यात पाण्याचा थेंबही नाही. रात्री दोघा थोरल्यांवर उजेड पाडायचा, एवढंच त्याचं काम. घराण्याची पहिलीच अट मोडून तो घराण्यात आहे.