आतड्यांतील जिवाणू व बालकांची वाढ

जंतू म्हणजे रोगाचे मूळ, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. आरोग्याच्या पाठातूनही मुलांच्या मनावर बहुधा हेच ठसते. परंतु ही समजूत अर्धीच खरी आहे. पटकी, विषमज्वर यांचे जंतू घातक असतात, हे निर्विवाद होय. तथापि निरोगी मनुष्याच्या देहातही असंख्य जिवाणू नांदत असतात आणि त्यांतील बहुतेकांची वस्ती मोठ्या आतड्यात असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार प्रौढ शरीरात पेशी सुमारे ३० लक्ष कोटी, तर जिवाणू सुमारे ३८ लक्ष कोटी असतात.

हे जिवाणू आयते बसून खात नाहीत. धान्याचा कोंडा, कडधान्यांची साले, भाज्यांतील तंतू यांचे पचन मनुष्याला स्वतः करता येत नाही. जिवाणू त्यांना आंबवितात व त्यांपासून ब्युटिरिक आम्लासारखे पदार्थ तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचे पोषण मुख्यतः या आम्लावर होते. शिवाय काही जीवनसत्त्वे ते निर्माण करतात आणि रोगजंतूंना सहजासहजी जागा मिळू देत नाहीत.

मग सर्व निरोगी माणसांत जिवाणू एकसारखेच असतात काय? अमेरिकेत २४२ निरोगी प्रौढांची तपासणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. जिवाणूंच्या जाती माणसागणिक पुष्कळच भिन्न आढळल्या. त्यांची कामे मात्र बहुतांशी समान होती. टांझानियातील हाड्झा लोक शिकार, मध व कंदमुळे यांवर राहतात. इतरत्र हितकारक म्हणून नावाजलेले बिफिडो जिवाणू त्यांच्या प्रौढांत आढळले नाहीत, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. तरीही ते लोक निरोगी होते. ज्याचे जसे अन्न, तसे त्याचे जिवाणू, असाच याचा अर्थ होय.

एक गोष्ट मात्र सर्वत्र सारखी दिसते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील वन्य वस्त्या, आफ्रिकेतील मलावीची खेडी आणि अमेरिकेतील शहरे येथील ५३१ व्यक्तींचा अभ्यासही २०१२ सालीच प्रसिद्ध झाला. तिन्ही ठिकाणी तान्ह्या मुलांत बिफिडो जिवाणूंचे प्राबल्य होते आणि तिन्ही ठिकाणी पहिल्या तीन वर्षांत मुलाच्या आतड्यातील वस्तीला प्रौढांसारखे रूप येत होते.

ही तीन वर्षे किती मोलाची आहेत, हे ढाका येथील संशोधनाने दाखविले. कुपोषित बालकांच्या आतड्यातील जिवाणूंची वस्ती वयाच्या मानाने अपक्व राहते, असे २०१४ साली तेथे आढळले. पुढे हरभरा, सोयाबीन व शेंगदाणा यांचे पीठ आणि कच्च्या केळ्याचा गर यांपासून एक विशेष आहार तयार करण्यात आला. १२ ते १८ महिन्यांच्या बालकांना तो तीन महिने दिला असता, अधिक उष्मांक असलेल्या प्रचलित आहारापेक्षा त्यांची वजनवाढ अधिक वेगाने झाली. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. अर्थात तो आहार ठराविक प्रमाणात व वैद्यकीय देखरेखीखाली दिलेला होता. घरच्या कोणत्याही मिश्रणाने तसाच गुण येईल, असे यावरून म्हणता येणार नाही. परंतु बालकाचे पोट भरणे आणि त्याचे पोषण होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

शिक्षकांनी आरोग्याचा पाठ देताना हात धुण्याचे व शुद्ध पाण्याचे महत्त्व पूर्वीप्रमाणेच सांगावे. त्याबरोबरच सर्व जंतू शत्रू नव्हेत, हेही समजावून द्यावे. पालकसभेत विद्यार्थ्यांच्या घरी असलेल्या लहान भावंडांचीही आस्थेने चौकशी करावी. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध, त्यानंतर दुधासोबत डाळी, धान्ये, भाज्या व फळे यांचा मऊ, विविध आहार, आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून जंतुनाशक औषधे न देणे, या गोष्टी पालकांच्या मनावर बिंबवाव्यात. बालक शाळेत येते तेव्हा ही तीन वर्षे उलटून गेलेली असतात. म्हणून शाळेचे हे काम घरापासूनच सुरू झाले पाहिजे.