फोटो लहान करण्याआधी



आमचं मूळ गाव तिगाव. नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर पांढुर्ण्याहून मुलताईकडे जाताना लागतं. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून मध्य प्रदेशातला वेगळा जिल्हा झाला. शाळेत हिंदी आणि घरात वऱ्हाडी अशी आमची वाढ. मी नागपुरात बीई केलं आणि गेली काही वर्षं बंगळुरूत सॉफ्टवेअरमध्ये आहे.

तिगावच्या घरी पुढच्या खोलीत दोन फोटो शेजारी-शेजारी लावले आहेत. आजोबांचा बारा बाय अठरा इंचांचा आणि आजीचा पाच बाय सातचा. घरी येणारं कुणी ना कुणी विचारतंच, "आजीचा फोटो लहान काऊन बाप्पा?" बाबा विषय बदलतात. खरं उत्तर माझ्याकडे आहे. तो फोटो मीच लहान केला.

चार वर्षांपूर्वी पोळ्याला आम्ही सगळे गावी जमलो होतो. बैलांची सजावट, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरणारी पोरं, अंगणात खुर्चीवर बसलेली आजी. माझ्या कॅमेऱ्यात एकूण ४१२ फोटो निघाले. प्रत्येक साधारण साडेचार एमबीचा, म्हणजे सगळे मिळून जवळजवळ १.८ जीबी. बंगळुरूला परतल्यावर ते लॅपटॉपवर घेतले आणि कार्ड पुसून पुन्हा वापरायला काढलं. आत्याचा फोन आला, "फोटो कधी पाठवतं रे? अन् लहान करून पाठव, माया मोबाईल भरला म्हणते."

माझ्यासाठी हे एका ओळीचं काम. कमांड लिहिली: या फोल्डरमधल्या प्रत्येक फोटोची लांब बाजू १०२४ पिक्सेल कर. दोन मिनिटांत १.८ जीबीचे सुमारे ७० एमबी झाले. ग्रुपवर फोटो गेले, सगळे खूश. मीही खूश. फक्त ती कमांड नवीन प्रती करत नव्हती, मूळ फायलींवरच लिहीत होती. माहीत असूनही त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही. ऑनलाइन बॅकअप म्हणाल, तर गूगल फोटोजची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद झालेली. माझे १५ जीबी भरले होते आणि मी बॅकअप बंद करून ठेवला होता.

पुढच्या वर्षी आजी गेली. तेराव्यासाठी फोटो हवा होता. तिचा एकटीचा, नीट कॅमेऱ्याकडे पाहणारा फोटो एकच होता, तोच अंगणातला. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "माझ्याकडे आहे." स्टुडिओवाल्याने फाईल उघडली आणि विचारलं, "भाऊ, याची मोठी कॉपी नाही का?" नव्हती.

हिशेब सोपा आहे. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. भिंतीवरचा फोटो लांबून पाहायचा असतो, तेव्हा १५० वर भागतं. म्हणजे बारा बाय अठरासाठी किमान १८०० बाय २७०० पिक्सेल. आजीच्या फोटोत उरले होते ७६८ बाय १०२४. त्यातून पाच बाय सातच निघतो. आजोबांचा फोटो रिळाच्या जमान्यातला, पण त्याची निगेटिव्ह स्टुडिओत जपलेली होती, म्हणून हवा तेवढा मोठा करता आला. मूळ फाईल म्हणजे आपली निगेटिव्ह. मी ती कापून टाकली होती.

फोटो लहान होतो म्हणजे काय होतं, हे एकदा समजून घेऊ. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ४००० बाय ३०००, म्हणजे १.२ कोटी ठिपके असतात. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर ३६ एमबी होतील. फाईल चार-पाच एमबीचीच असते, कारण जेपेग पद्धत फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे सोडून देते. जेपेग १९९२ मध्ये प्रमाणित झालं. त्यामागचं गणित १९७४ मध्ये नासिर अहमद यांनी नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह मांडलं. अहमद मूळचे आमच्या बंगळुरूचे, इथल्याच विश्वेश्वरय्या कॉलेजात शिकलेले. जगातला जवळजवळ प्रत्येक मोबाईल फोटो या गणितातून जातो.

पण एकदा सोडलेला बारकावा परत येत नाही. जेपेग पुन्हा पुन्हा बदलून सेव्ह केलं की दर वेळी थोडी झीज होते. कमी केलेले पिक्सेल नंतर वाढवले तर संगणक मधल्या जागा अंदाजाने भरतो. आजीच्या डोळ्यांजवळच्या सुरकुत्या कुणाच्या अंदाजाने भरलेल्या मला नको होत्या.

आता मी काय करतो, ते सांगतो. तुमच्या घरातही हे काम बहुतेक तुमच्याकडेच येत असेल.

सगळ्यात आधी फोटो निवडा. एकाच क्षणाचे सात फोटो असतील तर दोन ठेवा. मी पोळ्याचे ४१२ फोटो आज निवडायला बसलो तर दीडशे उरतील. निवड करण्यातच निम्म्याहून जास्त जागा वाचते आणि त्यात कुठल्याही फोटोची झीज होत नाही.

मग 'मूळ' आणि 'पाठवायचे' असे दोन फोल्डर करा. 'मूळ' एका बाहेरच्या हार्ड डिस्कवरही ठेवा. तिथे प्रत पोचून चार-पाच फोटो उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका.

एक्सएनकन्व्हर्ट विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं आणि घरगुती वापराला मोफत आहे. त्यात सगळे फोटो एकदम ओढून टाका, 'रिसाइझ'मध्ये लांब बाजू १६०० पिक्सेल करा आणि 'फक्त कमी करा' हा पर्याय निवडा, म्हणजे आधीच लहान असलेले फोटो उगाच ताणले जाणार नाहीत. जेपेगची क्वालिटी ८० ते ८५ ठेवा. आउटपुटसाठी 'पाठवायचे' हा फोल्डर द्या. विंडोजवर इरफानव्ह्यूमध्ये 'बी' दाबलं की अशीच खिडकी उघडते. पॉवरटॉइजचं 'इमेज रिसायझर' वापरत असाल तर मूळ फोटोच बदलण्याच्या पर्यायावर खूण नाही ना, ते आधी बघा. मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये आकार बदलून सेव्ह केलं तर मूळ फाईलच बदलते, म्हणून तिथे आधी प्रत काढा. कुठलंही साधन असो, पहिल्यांदा तीनच फोटोंवर चालवून पाहा.

फोटोच्या फाईलमध्ये तारीख आणि कधीकधी जागाही नोंदलेली असते. घरातल्या प्रतींमध्ये तारीख राहू द्या. उद्या पोरं विचारतील, हा कोणत्या सालचा पोळा? सगळ्या जगाला दिसेल अशा ठिकाणी टाकताना मात्र जागेची नोंद काढून टाका.

आणि आपल्या अंकासाठी किंवा फ्रेमसाठी कुणी फोटो मागितला तर व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तिथे तो आपोआप लहान होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाईल जशीच्या तशी पोचते.

गेल्या पोळ्याला मी पुन्हा तिगावला होतो. निघताना बाबांच्या हातात एक लहान हार्ड डिस्क दिली. त्यांनी ती कपाटात, जमिनीच्या कागदांच्या पिशवीत ठेवली. मग खुर्ची अंगणात आणून तीवर बसले आणि म्हणाले, "आता माया एक काढ. मोठा."