उद्घाटनानंतरचा पूल

५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी नदीवरील नेहरू पूल कोसळला, तेव्हा त्याचे वय पंधरा-सोळा वर्षांहून अधिक नव्हते. नदी ओलांडण्यासाठी गोमंतकीय पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुलाच्या पोटातील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. काँक्रीटआड चाललेला हा क्षय वरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसणे शक्यच नव्हते. १९८३ मध्ये खुल्या झालेल्या जुन्या झुवारी पुलालाही पुढे गंजानेच गाठले आणि त्यावरील अवजड वाहतुकीवर निर्बंध घालावे लागले. अशा वेळी खाऱ्या हवेला दोष देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. पण ती हवा पूल बांधण्यापूर्वीही खारीच होती!

बांधकामाच्या जगात आज ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, संक्षेपाने ‘बिम’, या पद्धतीचा बोलबाला आहे. नाव नवे असले तरी कल्पनेचा उगम चार्ल्स ईस्टमन यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत केलेल्या कामात सापडतो. कागदावरील नकाशात खांब म्हणजे चार रेघा. येथे मात्र संगणकातील खांब हा खांबच असतो. त्याची उंची, त्यातील सळ्या, काँक्रीटची प्रत, तो उभा करावयाचा दिवस आणि त्याचा खर्च हे सारे त्याला जोडलेले असते. एका ठिकाणी फेरफार केला की तो सर्व आराखड्यांत आणि मोजमापांत आपोआप उमटतो. वातानुकूलनाची नळी तुळईला छेदून जाणार, हे गवंड्याच्या छिन्नीआधी अभियंत्याच्या पडद्यावर कळते. नागपूर मेट्रोच्या उभारणीत वेळापत्रक आणि खर्च यांची आराखड्याशी सांगड घालण्यासाठी हीच पद्धत वापरली गेली. ब्रिटनने २०११ मध्ये धोरण आखून एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या कामांना ती सक्तीची केली.

येथवरचे कौतुक कंत्राटदारही करतील, कारण त्यात त्यांचा पैसा वाचतो. आम्हांस पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. बांधकामास चार-पाच वर्षे लागतात; वास्तूने मात्र शंभर वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. फीत कापली गेली, पाहुणे पांगले, की तो आराखडा कोणाच्या हाती राहतो? ताणलेल्या तारांच्या नळ्यांत ग्राउट केव्हा भरले, कोणत्या नळीत ते नीट उतरले नाही, मूळ नकाशाहून प्रत्यक्षात काय वेगळे केले, हे बांधणाऱ्यास ठाऊक असते. सांभाळणाऱ्याच्या हाती मात्र बहुधा कपाटाची किल्ली पडते. कपाटात काय आहे ते वाळवीला विचारावे.

माहितीचा हा धागा तुटला म्हणजे काय होते, हे लंडनने भोगले आहे. १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. आदल्याच वर्षी संपलेल्या नूतनीकरणात तिच्यावर चढवलेले बाह्य आवरण ज्वालाग्राही होते. त्यानंतर ज्युडिथ हॅकिट यांनी २०१८ च्या आपल्या अहवालात ‘सोनेरी धाग्या’ची शिफारस केली. उंच निवासी इमारतीची माहिती पहिल्या आराखड्यापासून अखेरपर्यंत डिजिटल स्वरूपात अखंड ठेवावी आणि प्रत्येक बदल तीत नोंदावा, असा तिचा आशय. २०२२ च्या कायद्याने तिकडे ही जबाबदारी इमारतीच्या धन्यावर येऊन पडली.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. खाजन शेतीचा बांध घातला म्हणजे काम संपले, असे आपल्या गावकऱ्यांनी कधी मानले नाही. बांधाची आणि मानशीची निगा हा गावकारीच्या व्यवहाराचाच भाग होता. सरकारी बांधकामाच्या बाबतीत मात्र उद्घाटन हाच शेवट ठरतो.

या पद्धतीने सर्व दुखणी बरी होतील, असे मात्र कोणी समजू नये. चार्ल्स कोरिया यांच्या कला अकादमीतील खुल्या रंगमंचावरचे छत जुलै २०२३ मध्ये, नूतनीकरण चालू असताना कोसळले. अशा जुन्या वास्तूंची लेसरने मोजणी करून नवा आराखडा तयार करता येतो, पण लेसरला पृष्ठभाग दिसतो, आतली गंजलेली सळई नव्हे. तिच्यासाठी जागोजाग तपासणी करावीच लागेल. शिवाय आराखडा एखाद्या कंपनीच्याच प्रणालीत कोंडला गेला, तर तीस वर्षांनी तो उघडेल याची हमी कोण देणार? म्हणून तो ‘आयएफसी’ या खुल्या आंतरराष्ट्रीय स्वरूपातच घेतला पाहिजे.

मांडवीवरील अटल सेतू २०१९ मध्ये, तर झुवारीवरील नवा पूल २०२२-२३ मध्ये टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यांचे पोलाद अद्याप तरुण आहे आणि ते बांधणारी माणसेही हयात आहेत. या पुलांची अशी समग्र नोंद कोणाकडे आहे, हे सरकारने जाहीर करावे. नसल्यास ती आताच पुरी करून घ्यावी. यापुढील मोठ्या कामांच्या निविदेत एक कलम घालावे: प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहिलेला आराखडा हाती आल्याखेरीज कंत्राटदाराचे अखेरचे बिल चुकते करू नये. आणि देखभाल विभागात तो उघडून वाचू शकणारा एक तरी अभियंता नेमावा. त्याची बदली झालीच, तर जागेवर येणाऱ्याला कपाटाच्या किल्लीबरोबर तो आराखडाही समजावून द्यावा.