नोंदवहीतून लागलेला कर्करोगाचा माग

कर्करोगाचे कारण सूक्ष्मदर्शकाखालीच सापडावयाचे, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. वस्तुतः या रोगाविषयीचे कित्येक मौलिक शोध लोकसमूहांच्या निरीक्षणातून लागले. धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली काजळीशी जोडला. काजळीतील घातक द्रव्य कोणते, हे कळावयास पुढे शतकाहून अधिक काळ लागला. प्रतिबंधाला मात्र तेवढे थांबण्याचे कारण नव्हते.

महाराष्ट्राला हे शास्त्र परके नाही. लोकसंख्येवर आधारलेली देशातील पहिली कर्करोग-नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली, तर ग्रामीण भागातील पहिली बार्शी येथे १९८७ साली. दोन्ही नोंदवह्या शेजारी ठेवताच अंतर उघड झाले. मुंबईच्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग पुढे होता, बार्शीच्या खेड्यांत गर्भाशयमुखाचा. जात्या स्त्री-शरीर एकच. भेद होता तो विवाहाचे वय, बाळंतपणे, राहणी आणि उपचारांची सोय यांचा. जो रोग परिस्थितीनुसार बदलतो, तो परिस्थिती बदलून टाळताही येतो.

याचा पडताळाही याच भूमीवर झाला. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी ज्या गटात एकदाच करण्यात आली, तेथे आठ वर्षांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तर दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी केवळ अॅसेटिक आम्लाचा बोळा लावून तपासणी केली. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या या प्रयोगात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही अशी तपासणी कधी झालेली आढळली नाही. म्हणजे उणीव ज्ञानाची नाही, ते दारापर्यंत पोहोचविण्याच्या इच्छेची आहे. रुग्णालयाच्या इमारतीचे उद्घाटन थाटात होते. नोंदवहीचे आणि घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्तीचे होत नाही. ज्या खेड्यांतील स्त्रियांनी जगाला हा धडा दिला, त्यांच्या लेकी-सुनांना त्याचा लाभ मिळू नये, हा केवळ प्रशासनाचा हलगर्जीपणा नव्हे, तो अन्याय होय.